सोललेले सेल

हसायचं नाही, आधीच सांगून ठेवते. आणि अगदीच आवरलं नाही तर कप खाली ठेवून हसा. चादर कालच धुतलीय.

झालं ते सगळं सांगते, पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. चूक माझी नव्हती. म्हणजे होती, पण एकटीची नव्हती. पाकीट बनवणाऱ्याची होती, माझ्या मुलीची होती, थोडी सोलापूरच्या उन्हाची होती आणि उरलीसुरली माझी.

तुम्हाला माहीतच आहे, माझी सगळी नोकरी टेलिफोन ऑफिसात गेली. ट्रंक कॉलच्या बोर्डावर. तिकडून सांगोल्याचा कुणी डाळिंबवाला ओरडतोय, अक्कलकोटहून कुणी कानडीत भांडतोय, लाइनीत तळल्यासारखी चर्रर्र खरखर, आणि त्यातून नंबर अचूक टिपायचा. कुणाला नाही कळलं की साहेब म्हणायचे, "ती लाइन कमलबाईंना द्या!" ऑफिसात माझ्या कानाचा दरारा होता, दरारा!

आणि त्याच बाईला कानाचं मशीन? तुम्हीच सांगा, कसं पचावं?

मला कमी ऐकू येतं हे मला सोडून सगळ्यांना कळलं होतं. माझं म्हणणं एकच होतं, लोक हल्ली पुटपुटतात. बातम्यावाले पुटपुटतात, रिक्षावाले पुटपुटतात. कुकरसुद्धा पहिल्यासारखी दणदणीत शिट्टी मारत नाही. त्या कुकरपायीच घात झाला. एकदा भाताचा कोळसा झाला, घरभर धूर, आणि मी आपली पुढच्या खोलीत निवांत पेपर वाचतेय. शेजारच्या शमीमभाभी धावत आल्या, गॅस बंद केला. इथवर उपकारच. पण लगेच त्यांनी पुण्याला माझ्या मुलीला फोन लावला.

मुलगी म्हणजे प्रज्ञा. एकुलती एक. दुसऱ्याच दिवशी हजर! मला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं, कानात पीं पीं करून तपासणी झाली, इथल्याच नव्या पेठेतल्या एका दुकानातून दोन्ही कानांना मशीन बसली. पुण्याला परत निघताना ती दारात थांबली.

"आई, हे नीट वापरायचं. तुला जमलं तर तू खुशाल इथं राहा. नाही जमलं तर पुण्याला माझ्याकडे यायचं. मग कारणं सांगायची नाहीत."

"जमायला काय झालंय? आख्ख्या जिल्ह्याचा बोर्ड सांभाळलाय मी."

"बरं, सेल कसा बदलायचा ते दाखवते. बस इथं."

"मला कळतं गं! तुझी बस चुकेल, जा."

आणि ती गेली! आता ही तिची चूक की नाही? धरून बसवायला नको होतं मला? आई नको म्हणाली की लगेच ऐकायचं असतं का? एरवी कधी ऐकते?

मशीन मात्र झकास, खोटं कशाला बोलू. पहिल्या दिवशी भाकरी थापायला बसले आणि दचकलेच. केवढा आवाज होतो हो भाकरीचा! पंखा कुरकुरतो, चपला फटफटतात, पारवे छपरावर गप्पा मारतात. नळाला पाणी आलं की आधी पाइपात फुसफुस होते, तीही ऐकू येऊ लागली. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे ती फुसफुस सगळ्यात आधी ज्याला कळते तो गल्लीचा राजा! मी खिडकीतून ओरडायची, "आलं गं पाणी!" बायका घागरी घेऊन पळायच्या. गेलेला दरारा परत आला.

पण सेल संपतात. त्याला इलाज नाही.

हा सेल कसा असतो माहीत आहे का? शर्टाच्या बटणापेक्षाही लहान. पाठीवर रंगीत स्टिकर, त्याला चिमूटभर शेपटी. माझी नखं कापलेली, बोटं थरथरती. ते स्टिकर सोलता सोलता सेल निसटून खाटेखाली जायचा आणि मग मी जमिनीवर पालथी, हातात झाडू. दोन-तीनदा ही कसरत झाल्यावर म्हटलं, हे काय रोजचं झेंगट? शेंगा आपण एकदाच सोलून ठेवतो की नाही चटणीला? रोज उठून चार-चार शेंगा कोण सोलत बसतं?

एका दुपारी चष्मा लावला, ताट घेतलं आणि घरातली सगळी पाकिटं फोडून सगळे सेल सोलले. एकूण एक! स्टीलच्या डबीत भरले आणि डबी फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या शेजारी. ताजे राहावेत म्हणून. काय चुकलं सांगा? नीटनेटक्या बाईनं आणखी काय करायचं असतं?

काही दिवस बरे गेले. मग एके दिवशी घरात कुठंतरी 'टिंग टिंग' वाजायला लागलं.

फ्रिज बघितला. घड्याळ कानाला लावून बघितलं. मोबाइल बंद करून बघितला. टिंग टिंग चालूच! बाहेर आले तर बाहेरही टिंग टिंग. म्हटलं, शमीमभाभींनी काहीतरी नवीन आणलंय. तडक त्यांच्या दारात गेले.

"भाभी, ते काय वाजतंय ते बंद करा बाई, डोकं उठलं!"

"क्या वाजताय ताई? कुछ बी नै वाजरा," भाभी हातातलं पीठ झटकत म्हणाल्या.

"मला ऐकू येतंय, तुम्हाला येत नाही? कान तपासून घ्या तुमचे!"

मी त्यांना सांगतेय हां, कान तपासून घ्या! आणि एवढ्यात कान गप्प. तेव्हा कुठं उजेड पडला की ते माझ्याच कानात वाजत होतं. सेल संपत आला की मशीन तशी आरोळी देतं.

घरी येऊन डबीतला दुसरा सेल घातला. बंद! तिसरा घातला. किंचित खुडबुडला, बंद! डबीतला एकही धड चालेना.

आता आपल्या वेळी सेल मेला की काय करायचे? ट्रान्झिस्टरचा असो, टॉर्चचा असो, उन्हात ठेवायचे. आणि ऊन तर आमच्याकडं फुकट, दुपारी गच्चीवर पापड ठेवला तर भाजूनच खाली येतो. मी जुन्या साडीच्या तुकड्यावर सेल ओळीनं मांडले आणि गच्चीत पसरले.

भाभींनी त्यांच्या गच्चीवरून मान लांब केली. हातवारे करून विचारलं, हे काय वाळवण? मी ओरडून सांगितलं, "बॅटऱ्या सुकवतेय!" त्यांनी डोक्याला हात लावला. मी म्हटलं, यांना विज्ञानातलं काय कळणार!

उन्हानं सेल एवढे तापले की उचलताना चटके बसले. चालला मात्र एकही नाही.

तो बुधवार होता. आणि संध्याकाळी प्रज्ञाचा व्हिडिओ कॉल आला.

आता विचार करा. मशीन बंद पडलंय म्हणाले तर काय होणार? 'नाही जमलं तर पुण्याला.' छे! मी दोन्ही कानांत मेलेली मशीन रुबाबात घातली, केस मागे घेतले, म्हणजे तिला दिसावीत. आणि फोन उचलला.

"जय भीम बाळा! कशी आहेस?"

फोनमधून नुसती गुणगुण. लांब कुठंतरी पॉवरलूम चालल्यासारखी. पण मी काय कच्ची आहे? माणूस काय बोलतंय हे निम्मं त्याच्या चेहऱ्यावर असतं. चेहरा काळजीचा दिसला की मी म्हणायची, "अगं हो ना." भुवया वर गेल्या की म्हणायची, "हो तर, नक्की!" एकदा तिनं मान तिरकी करून काहीतरी लांबलचक विचारलं. 'शनिवार' तेवढं ओठांवर दिसलं, मला वाटलं, शनिवारी येऊ का विचारतेय.

"ये की! विचारायचं काय त्यात? जावयांना पण आण!"

ती एवढी खूश झाली म्हणता! डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. मी मनात म्हटलं, किती दिवसांनी लेकीला माहेरी यावंसं वाटलं. फोन ठेवला आणि स्वतःवरच खूश झाले. बघा, मशीनशिवाय निभावलं!

पण शनिवारी ती येणार म्हणजे त्याआधी सेल चालू पाहिजेत. शनिवारी सकाळी मी ती डबी पिशवीत टाकली, रिक्षा केली आणि नव्या पेठेतल्या त्या दुकानात शिरले. भांडायच्या तयारीतच.

दुकानात बाकावर तीन-चार म्हातारी माणसं नंबर लावून बसलेली. काउंटरवर चष्मा लावलेली एक मुलगी. मी डबी काचेवर आपटली.

"हे बघा! नवी कोरी पाकिटं, आणि सगळे सेल बंद! खोटा माल विकता?"

तिनं डबीत डोकावून बघितलं, सेल उलटा केला आणि काहीतरी बोलली. मला शेवटचं तेवढं कळलं, "...सेल सुरू होतो."

"सेल सुरू होऊ दे नाहीतर बंद होऊ दे! मला स्वस्तातलं नकोय, चांगला माल पाहिजे!"

तिनं आवाज चढवला. "आजी, हवा!"

"हवाच आहे! नवा हवा, म्हणून तर आले!"

"नाही हो, हवा, हवा!" तिनं हातानं वारा घातल्यासारखं केलं.

"मला उकडत नाहीय! विषय बदलू नका!"

"रात्री मशीनचं झाकण उघडं ठेवता का? झाकण!"

"भांडण? भांडण मी काढलंय? मी तर शांतपणे बोलतेय!"

तेवढ्यात बाकावरच्या एका आजोबांनी आपल्या कानातलं मशीन हळूच काढलं आणि खिशात टाकलं. माझ्या लक्षात आलं, यांचाही सेल गेला!

"बघा! यांचं पण बंद पडलं! डोळ्यांदेखत!" मी त्यांच्याकडं बोट दाखवलं. "घाबरू नका आजोबा, मी आहे. आपण दोघं मिळून तक्रार करू!"

आजोबा दोन्ही हात हलवून नको नको म्हणायला लागले. मला वाटलं, गरीब स्वभावाचा माणूस आहे, भिडस्त. मी आणखी दोन पट्ट्या वर चढले. रस्त्यावरची माणसं दारात गोळा झाली.

शेवटी ती मुलगी काउंटरमागून बाहेर आली. एक शब्द न बोलता तिनं माझ्या कानांतली मशीन काढली. नवं पाकीट फोडलं, दोन सेलांची स्टिकरं काढली आणि सेल तसेच हातावर घेऊन उभी राहिली. मी म्हणतेय, "अगं घाल की!" तर तिनं बोट वर केलं. थांबा. दोन-चार मिनिटांनी सेल आत घातले आणि मशीन कानांत बसवली.

"...सगळे चोर आहेत, चोर!" कुणीतरी भयंकर किंचाळलं. मी दचकून इकडंतिकडं बघितलं. मीच होते.

"आता ऐकू येतंय ना, आजी?" ती मुलगी एवढ्या मऊ आवाजात म्हणाली, की मला रागच आला. "हा सेल हवेवर चालतो. ते स्टिकर म्हणजे त्याचं बूच. बूच काढलं की हवा आत जाते नि सेल सुरू होतो. मग तो मशीनमध्ये घाला, नाहीतर डबीत ठेवा, संपायचा तो संपतोच. म्हणून लागेल तेव्हा एकच सोलायचा. सोलून जरा वेळ उघडा ठेवायचा, मग घालायचा. आणि हे असे स्टीलच्या डबीत एकमेकांवर ठेवायचे नाहीत. फ्रिजमध्ये तर नाहीच."

"उन्हात?" मी विचारलं.

तिनं नाकावरचा चष्मा वर सरकवला. "उन्हात ठेवले होते?"

"कुणी ठेवले असं नाही. विचारते आपलं."

आता सगळं दुकान माझ्याकडं बघतंय. माफी मागावी? अहो, मी मागितली असती! पण हातात ते रिकामं पाकीट आलं आणि माझं डोकं पुन्हा फिरलं.

"हे सगळं पाकिटावर लिहायला काय झालं होतं?"

"लिहिलंय की आजी. मागच्या बाजूला."

मी चष्मा लावला. पाकीट लांब धरलं, जवळ धरलं, उजेडात धरलं. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं! जगातल्या दहा भाषा, त्यात मराठी नाही.

"हे वापरणारं माणूस कोण? म्हातारं. कान गेलेल्या म्हाताऱ्याचे डोळे काय घारीचे असतात? मोठ्या मराठी अक्षरांत पाटी लावा हितं भिंतीवर! 'एका वेळी एकच सोला!' लावणार की नाही?"

आणि काय सांगू, बाकावरची म्हातारी माणसं एका सुरात म्हणाली, "बरोबर हाय! बरोबर हाय बाईचं!" त्या आजोबांनी खिशातलं मशीन काढून परत कानात घातलं. मुलगीही हसली नि म्हणाली, "लावते आजी, आजच लावते." शरमेनं मान खाली घालून जायचं होतं, ते मी छाती काढून बाहेर पडले. नवीन पाकिटं घेतली. न सोललेली.

रिक्षातून उतरले तर घरापुढं प्रज्ञाची गाडी. दारात जावई उभे, हातात पुठ्ठ्याची रिकामी खोकी. एक नाही, चांगली गठ्ठाभर.

"हे काय आणलंय?"

"सामान भरायला, आई," प्रज्ञा म्हणाली आणि मला मिठीच मारली. "मला वाटलंच नव्हतं तू एवढ्या लवकर तयार होशील."

"कशाला तयार?"

"पुण्याला यायला! बुधवारी नाही का बोलणं झालं? मी विचारलं, एकटीला जड जातं ना आता? तू म्हणालीस, अगं हो ना. मी म्हटलं, मग येतेस का कायमची? तू म्हणालीस, हो तर, नक्की. मी म्हटलं, घर भाड्यानं देऊ या का, शनिवारी येऊ का न्यायला? तर तू म्हणालीस, ये की, विचारायचं काय त्यात! भाडेकरू बघायला येतायत उद्या."

मी हातातली पिशवी दारातच ठेवली.

आता बघा माझी अडचण. ऐकलंच नव्हतं म्हणावं, तर मशीन जमलं नाही हे कबूल. म्हणजे पुणे. ऐकलं होतं म्हणावं, तर मीच हो म्हणाले हे कबूल. म्हणजे पुणे! दोन्ही रस्ते पुण्यालाच.

पण मी हार मानणारी नाही. मान ताठ केली.

"ऐकलं होतं सगळं. पण विचार बदलला. बाईमाणसानं विचार बदलू नये असा कायदा आहे का?"

आणि नेमक्या तेव्हाच शमीमभाभी भिंतीवरून डोकावल्या. "आगयी बेटी? ताई, वो बॅटऱ्या सुखे क्या आखिर? मैं तो बोली थी, ऊन में रखके कुछ नै होता!"

संपलं! प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं, भाभींकडं बघितलं, आणि दोन मिनिटांत सगळी कहाणी तिच्यापुढं उघडी. डबी, फ्रिज, गच्ची, सगळी.

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. खोक्यांच्या गठ्ठ्यावरच बसली.

"आई, तुला काही झालं तर मला कळणार कसं? रोज रात्री फोन ठेवला की मी तोच विचार करते. आणि तू बंद मशीन घालून मला हो हो करतेस?"

मी तिच्याशेजारी टेकले.

"नको होतं करायला," म्हटलं. "पण तुझ्या नवव्या मजल्यावर माझ्याशी बोलणार कोण गं? तुम्ही दोघं दिवसभर कामावर. मशीन घालून काय लिफ्टचा आवाज ऐकत बसू? इथं भाभी भांडतात, पण बोलतात. पाणी आलं की गल्ली माझ्या नावानं ओरडते. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. आता माझी चार माणसं आहेत, ती तोडू नकोस."

भाभींनी पदर डोळ्याला लावला. जावई उगाच खोक्याची पट्टी ओढत राहिले. प्रज्ञा खोक्यांवरून उठली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "माझ्यासमोर सेल बदलून दाखव. नीट जमलं तर भाडेकरूंना नाही म्हणून कळवते."

अहो, मी तर वाटच बघत होते! खुर्चीत बसले, समोर प्रज्ञा, जावई, भाभी, असा दरबार. सकाळी दुकानात घातलेले सेल काढले. नवीन पाकिटातून दोनच घेतले. स्टिकर सोललं. "आता थांबायचं," मी सगळ्यांना ऐटीत समजावलं, "हवा आत जाऊ द्यायची. घाई करणाऱ्याचं काम नाही हे." मग सेल आत घातले, झाकण टिक्कन लावलं, दोन्ही मशीन कानांत बसवली. बोट थरथरलं नाही की सेल निसटला नाही.

"घे! आता बोल काहीतरी. अगदी हळू बोल, कसंही बोल!"

प्रज्ञा माझ्याकडं बघून काहीतरी बोलली. ओठ हलले, हे मला चक्क दिसलं. पण कानात काहीच नाही.

मेले परत! पण आता मागं फिरायचं? समोर खोकी, उद्या भाडेकरू! मी डोळ्याची पापणीही हलू दिली नाही.

"आलं ऐकू! एकदम स्वच्छ!"

"काय म्हणाले मी?"

"तू म्हणालीस, 'आई, तू हितंच राहा. मला तुझा लई अभिमान आहे.'"

मग प्रज्ञाचा आवाज आला. आणि आला तो एवढा खणखणीत, की मी खुर्चीत उडाले.

"आई, मी नुसते ओठ हलवले. आवाज काढलाच नव्हता."

खोकी दुसऱ्या दिवशी रिकामीच पुण्याला परत गेली, हे खरं. पण त्या दिवशी आमच्या घरात जे तिघं मिळून खदाखदा हसले, त्यातलं एकूण एक हसू मला दोन्ही कानांनी अगदी स्पष्ट ऐकू आलं. सेल एक नंबर होते हो!